शाळेचे अंगण कोणाचे?

(जिल्हा कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत उसाचा भाव, वीजबिले आणि रोजगार हमी यांच्या पंगतीत 'मुलांचे वर्गाबाहेरचे शिक्षण' हा विषय पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ साथींनी मला विचारलेच, "सर, शाळेला खोल्या मिळाव्यात म्हणून आम्ही जन्मभर मोर्चे काढले. आता तुम्ही पोरांना परत झाडाखाली बसवायला निघालात की काय?" प्रश्न रोखठोक आहे आणि रास्तही आहे. माझ्या आजच्या बोलण्यातील बराचसा भाग या आक्षेपाला उत्तर म्हणूनच ऐकावा, अशी विनंती आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने दररोज किमान ६० मिनिटे श्वास वाढेल, अंग तापेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ सालापर्यंतची माहिती एकत्र करून असे दाखविले की, जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नाही. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडे चारांतील तीन मुले बैठी आहेत, आणि तरीही जगाच्या सरासरीहून आपण बरे ठरतो! असे का, याचे संशोधकांनी सुचविलेले कारण मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. आपल्या भागातील मुलगे क्रिकेट खेळतात म्हणून, आणि मुलींच्या अंगावर घरकाम पडते म्हणून.

अर्थशास्त्राच्या मास्तरला आकड्याच्या पोटात शिरून पाहण्याची खोड असते. मुलाने चेंडूमागे मारलेली धाव आणि मुलीने डोक्यावर हंडा घेऊन चढलेली टेकडी ही ज्या कोष्टकात एकाच रकान्यात पडतात, त्या कोष्टकाला हृदयाचे ठोके कळतात, पण न्याय कळत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात स्त्रीचे घरकाम मोजले जात नाही आणि आरोग्याच्या हिशेबात मात्र मुलीचे घरकाम व्यायाम म्हणून जमेस धरले जाते, हा विनोद मोठा कडवट आहे. "आमच्या गरिबांच्या पोरांना कसला व्यायाम शिकवता? ती आधीच राबतात," असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझे सांगणे असे की, राबणे आणि खेळणे यांत स्नायू तेच वापरले जातात हे खरे. परंतु राबण्याची वेळ, गती आणि हेतू दुसरा कोणी ठरवितो. मुलाच्या विकासासाठी जी हालचाल आवश्यक आहे ती त्याच्या कुतूहलातून आणि आनंदातून निघालेली असावी लागते. ती त्याचा हक्क आहे, आणि जो हक्क आहे त्याची व्यवस्था समाजाने केली पाहिजे.

ही व्यवस्था कोठे करायची? घराभोवती जागा उरली नाही. शहरात रस्ते मोटारींनी व्यापले. श्रीमंत आईबाप पैसे मोजून पोहण्याचा तलाव, टेनिसचा वर्ग, सुटीतील साहस-शिबिर विकत घेतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या मुलांच्या वाट्याला सार्वजनिक अशी एकच संस्था उरते, ती म्हणजे शाळा. म्हणून शाळेतील वेळेचा हिशेब आपण मांडून पाहू.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. म्हणजे दिवसाला चार तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. म्हणजे रोजचे साधारण साडेचार तास. या तासांत मूल काय करते? बसते. 'खाली बसा', 'गप्प बसा', 'जागेवर बसा' या आज्ञा शाळेत जितक्या वेळा दिल्या जातात तितक्या वेळा दुसरी कोणतीही आज्ञा दिली जात नसेल. यावर शारीरिक शिक्षणाच्या तासाकडे बोट दाखविले जाते. तो तास गणित-इंग्रजीच्या वाढीव तासांनी गिळला नाही असे क्षणभर धरून चालू. चाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास. रांग लावून मैदानावर जाण्यात आणि परतण्यात दहा मिनिटे गेली. उरलेल्या वेळात लांब उडीचा एक खड्डा आणि प्रत्येकाच्या पाळीला अर्धे मिनिट, असा हिशेब केला तर वीस मिनिटांत पाळी पुरी होते. त्यांत प्रत्येक मूल अर्धे मिनिट धावले आणि साडेएकोणीस मिनिटे रांगेत उभे राहिले! शारीरिक शिक्षकांना मी दोष देत नाही. एक खड्डा आणि एक चेंडू हातात देऊन समाजाने त्यांना उभे केले आहे. ते तास वाढलेच पाहिजेत. पण साठ मिनिटांचे गणित केवळ त्या तासाने सुटणार नाही, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

आता दुसरा तास पाहा. विषय गणित, पाठ क्षेत्रफळाचा. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट, हे शेतकऱ्याचे मूल फळ्यावरून उतरवून घेते आणि परीक्षेनंतर विसरते. त्याच मुलांच्या आठ तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला एक सुतळी आणि चार दगड द्या, आणि पटांगणात गुंठा आखावयास सांगा. कोपरा काटकोनात येतो की नाही हे पाहण्यासाठी ती चार वेळा इकडून तिकडे धावतील, भांडतील, सुतळी पुन्हा धरतील. मग विचारा की, चाळीस गुंठ्यांचा एकर चौरस असेल तर त्याच्या कडेने फिरताना किती चालावे लागेल? उत्तर सुमारे २५० मीटर येते. चार फेऱ्या मारल्या की किलोमीटर होतो, आणि तो पायांनी मोजलेला किलोमीटर असतो. येथे रांग नाही आणि पाळीची वाट पाहणेही नाही. चाळीसच्या चाळीस मुले एकाच वेळी हलत आहेत आणि गणिताचा एकही मिनिट बुडालेला नाही. भूगोलात पावसाचे पाणी आवारातून कोणत्या बाजूने वाहते त्याचा माग काढता येतो. विज्ञानात काठीच्या सावलीवरून वडाची उंची काढता येते. नागरिकशास्त्रात आठवडी बाजारातील मापे आणि भाव पाहून येता येतात. दिवसाच्या चार तासांतील चाळीस मिनिटे, म्हणजे एक षष्ठांश वेळ, असा वापरला तर वर्षाला १३३ तास होतात. साठ मिनिटांतील मोठा वाटा त्याने भरून निघू शकेल. आपल्याकडे तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' नावाचा विषयच आहे. तो चार भिंतींत, पुस्तकातील चित्रावर बोट ठेवून शिकविला जातो, याला काय म्हणावे?

येथेच माझ्या ज्येष्ठ साथींच्या आक्षेपाचे उत्तर आहे. मुलाला खोलीतून उचलून झाडाखाली बसविले आणि तेथेही फळ्यावरचे उतरवून घ्यावयास लावले, तर हवा बदलते, पाय जागेवरच राहतात. खोली नाही म्हणून झाडाखाली भरणारी शाळा हे दारिद्र्य आहे. त्याविरुद्ध काढलेला प्रत्येक मोर्चा योग्यच होता, आणि अजून काही मोर्चे शिल्लक आहेत. मी ज्या बाहेर जाण्याविषयी बोलतो आहे त्यासाठी परतून यावयाला कोरडी खोली असावीच लागते. पाऊस आला, ऊन चढले, लिहावयाचे असले की आत. मोजावयाचे, शोधावयाचे, पारखावयाचे असले की बाहेर. खोली मिळविण्याची लढाई मुलांना पावसापासून वाचविण्यासाठी होती. त्या खोलीचा कोंडवाडा व्हावा म्हणून आपण लाठ्या खाल्ल्या नव्हत्या.

हा विचार परदेशातून आणलेला आहे असे कोणी समजू नये. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. (१९४५ हे वर्षही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली, त्याच मुलखात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते.) बालवाडीची सुसज्ज खोली असून वंचितांची मुले तेथे येत नाहीत, हे पाहिल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला. मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधने होती. गणती करावयाची तीही हाताशी असलेल्या वस्तूंची, आणि भूगोल शिकावयाचा तो पायाखालच्या जमिनीचा.

कुरणशाळेने मुलाचे गुरे राखणे गृहीत धरले, ते बंद करावयाचा आग्रह आधी धरला नाही, अशी टीका करता येईल. मी ती तडजोडच मानतो. पण ती तडजोड मुलाच्या बाजूने होती, व्यवस्थेच्या बाजूने नव्हती. आणि आपल्या आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यात एक मोठी गोष्ट सिद्ध झाली, ती म्हणजे चालते-फिरते मूलही शिकू शकते. कोसबाडच्या मुलांना हालचालीची वाण नव्हती, शाळेची होती. आजच्या मुलांना शाळा मिळाली आणि हालचाल गेली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना ताराबाईंचाच शब्द मिळाला. आज शहरांतील कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या दहा-बारा फुटी खोलीत भरतात. नावात अंगण राहिले आहे. तेथे राबणाऱ्या सेविकांच्या मानधनाचा प्रश्न आपण उद्याच्या सत्रात घेणारच आहोत.

परदेशातील उदाहरणेही पाहावयास हरकत नाही, कारण त्यांतील एक तर आपल्याच विचारांच्या घराण्यातील आहे. मार्गारेट मॅकमिलन या समाजवादी बाई १८९४ साली ब्रॅडफर्डच्या शाळा मंडळावर स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने निवडून आल्या. लोकरीच्या गिरण्यांच्या त्या गावात उपाशी, आजारी, न धुतलेली मुले वर्गात बसविलेली पाहून त्यांनी आधी शाळेत स्नानाची सोय, वैद्यकीय तपासणी आणि जेवण यांसाठी झगडा केला. पुढे लंडनच्या डेप्टफर्ड वस्तीत, बहीण रेचेल यांच्यासह, १९१४ साली त्यांनी उघड्यावरची बालशाळा काढली. तिच्यात बाग हाच मुख्य वर्ग होता आणि छपरे फक्त आडोशापुरती होती. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला अशक्त मुलांसाठी वनशाळा १९०४ सालीच निघाली होती. पण तेथे आजारी मुलाला बरे करणे हा हेतू होता. मॅकमिलनबाईंनी प्रश्न पुढे नेला. श्रीमंताच्या मुलाला जन्मतः मिळणारी बाग कामगाराच्या मुलाला सार्वजनिक पैशातून का मिळू नये, हा त्यांच्या कामाचा रोख होता. लक्षात घ्या की, त्यांनी सुरुवात अन्नापासून केली होती. उपाशी पोराला मैदानावर पळविणे हे क्रौर्य आहे. आपल्या शाळांतील मध्यान्ह भोजनाचा दर्जा आणि वर्गाबाहेरचा तास हे दोन प्रश्न एकाच पिशवीतले आहेत.

अलीकडचे उदाहरण डेन्मार्कचे. तेथे २०१४ सालच्या शाळा-सुधारणेने प्रत्येक शाळेच्या दिवसात सरासरी ४५ मिनिटांची शारीरिक हालचाल बंधनकारक केली. त्याशिवाय आठवड्यातून एखादा दिवस वा अर्धा दिवस नेहमीचेच विषय रानात, उद्यानात, गावात शिकविण्याची 'उदेस्कोले' नावाची प्रथा तेथील शिक्षकांनी स्वतःहून वाढविली आहे. संशोधकांनी मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रे बांधून या वर्गांची नेहमीच्या वर्गांशी तुलना केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलग्यांची जोरकस हालचाल स्पष्टपणे वाढलेली दिसली. मुलींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही.

स्त्री-पुरुष समतेत जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा. मग आपल्याकडे काय होईल? दार उघडले की मुलगे मैदान व्यापतील आणि मुली कडेला उभ्या राहतील. मोजणीचा फेरफटका निघाला की फीत मुलगा धरील आणि वही मुलीच्या हातात जाईल, कारण 'तिचे अक्षर चांगले आहे'. सातवी-आठवीत आलेल्या मुलीला पाळीच्या दिवसांत घरीच ठेवतात. स्वच्छतागृहाला दार आणि पाणी नसते. मैदानाच्या कठड्यावर गावची रिकामटेकडी पोरे बसलेली असतात. म्हणून हा कार्यक्रम घेताना फीत आणि वही आळीपाळीने हातात गेली पाहिजे, हा नियम शिक्षकाने पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल. स्वच्छतागृहाचा प्रश्न तर मैदानाच्याही आधी घ्यावा लागेल. लंगडी, खो-खो, आट्यापाट्या या आपल्या खेळांना साधने लागत नाहीत आणि त्यांत मुली मुलग्यांना हार जात नाहीत. त्यांची आठवण शाळांना करून द्यावी.

आता जमिनीविषयी बोलतो, कारण सगळे येऊन शेवटी तेथे थांबते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण हे शाळेच्या आवश्यक सुविधांत गणले आहे. परंतु कायद्यातील क्रीडांगण आणि जमिनीवरील क्रीडांगण यांत फार अंतर असते. गावात शाळेच्या पटांगणावर आठवडी बाजार भरतो, लग्नाचे मांडव पडतात, ट्रॅक्टर उभे राहतात, आणि एक दिवस एका कोपऱ्यात कोणाचे तरी पत्र्याचे दुकान उगवते. शहरात जमिनीचा भाव वाढला की मोकळ्या जागेवर सर्वांची नजर जाते. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मैदाने-उद्याने संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिकांनी केवढा विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांना त्या धोरणास कशी स्थगिती द्यावी लागली, हे आपल्याला आठवत असेल. ज्याला बाजारात किंमत आहे पण ज्याच्या वापराला तिकीट नाही, अशी प्रत्येक वस्तू बाजार गिळावयास पाहतो. मुलांचे अंगण तसेच आहे.

आणखी एक धोका खेड्यांत आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ साली पुढे आणला. त्याचे आर्थिक समर्थन मला ठाऊक आहे. दर मुलामागचा खर्च कसा काढतात हे मी आयुष्यभर शिकवीत आलो. पण त्या हिशेबात वाडीवरून शाळेपर्यंत मूल रोज जे चालते, त्याची नोंद नसते. त्याला बसमध्ये बसवून दहा किलोमीटर दूर नेले की ते चालणे गेले, आणि शाळेच्या अंगणात संध्याकाळी होणारा खेळही गेला. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा शाळाच जाईल.

शिक्षकांविषयी थोडे. माहिती भरण्याची कामे, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे यांनी शिक्षक पिचला आहे. एकशिक्षकी शाळेत दोन इयत्ता आत ठेवून तिसरी बाहेर कशी न्यावी, हा त्याचा प्रश्न खरा आहे. म्हणून वर्गाबाहेरचा तास ही वरून आलेली आणखी एक सक्ती आणि आणखी एक 'फोटो पाठवा' असा आदेश होऊ देता कामा नये. तसे झाले तर तो तास कागदावर उत्तम भरेल. मुलाला पडून खरचटले तर पालक जाब विचारतात, अधिकारी नोटीस देतात. अशा वेळी गावाने शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावयास हवे. ऊन-पावसाचा निर्णयही त्याच्यावर सोडावा. विदर्भ-मराठवाड्यात मार्च-एप्रिलला सकाळी नऊनंतर मुलांना बाहेर काढण्यात अर्थ नाही, हे तेथील शिक्षकाला मुंबईच्या परिपत्रकाहून अधिक कळते. "मास्तर शिकवीत नाहीत, पोरांना फिरवतात," अशी कुजबूज सुरू झाली की आपल्या कार्यकर्त्यांनी पालकांना त्या गुंठ्याच्या पाठाला घेऊन जावे आणि मुलांकडूनच शेताचे माप करवून दाखवावे. शेतकरी बाप सुतळीचे दुसरे टोक आपण होऊन धरील, असा माझा अंदाज आहे.

हे घडविण्याचे हत्यार कायद्यानेच आपल्या हाती दिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात, असे कलम २१ सांगते. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम कलम २२ ने तिच्याकडे दिले आहे. बहुतेक गावांत ही समिती मुख्याध्यापकांनी लिहिलेल्या इतिवृत्तावर सह्या करण्यापुरती उरली आहे. आपल्यापैकी किती जण आपल्या गावच्या समितीच्या बैठकीला गेल्या वर्षी गेले, हे मी हात वर करून विचारीत नाही.

प्रत्येक तालुक्याने निदान पाच शाळा घ्याव्यात. तलाठ्याकडून सातबारा, शहरात मिळकत पत्रिका, काढून घ्यावी आणि पटांगण कोणाच्या नावावर आहे, किती आहे, त्यावर अतिक्रमण किती आहे हे पाहावे. मोजणी मुलांना बरोबर घेऊन केली तर फारच उत्तम. कागदावरील क्षेत्र आणि सुतळीने मोजलेले क्षेत्र यांतला फरक त्यांनाही कळेल. मग शिक्षकांशी बसून विचारावे की, आठवड्यातील कोणते तास बाहेर घेता येतील आणि त्यासाठी त्यांच्यावरचे कोणते काम कमी व्हावयास हवे. स्वच्छतागृह, पाणी आणि कुंपण यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. या माहितीचा एक साधा तक्ता मी करून आणला आहे. त्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. जेवणाच्या सुटीपूर्वी प्रत्येक तालुक्याने पाच पाच घ्याव्यात आणि भरून जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी जिल्हा कचेरीत पोहोचत्या कराव्यात.